तिसरा हात कुणाचा?

घरचं रेकॉर्डिंग : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली निम्म्याहून जास्त पत्रं ड्रमबद्दलची आहेत. कारण उघड आहे. घरी गाणं करणाऱ्याकडे माईक असतो, गिटार असते, हार्मोनियम तर आमच्या कोल्हापुरात शेजारूनही मागून आणता येते. ड्रमसेट मात्र घरात मावत नाही, आणि मावला तरी गल्लीला सोसत नाही. राजारामपुरीतली माझी खोली दहा बाय अकरा फुटांची आहे. तिथं ड्रमसेट मांडला तर गाणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून मीही बरीच वर्षं सॉफ्टवेअरमधले ड्रम वापरतो आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. पत्रं थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : सर, मी इचलकरंजीचा. दिवसभर यंत्रमाग आणि रात्री गाणी. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एमटी पॉवर ड्रम किट हे ड्रमचं सॉफ्टवेअर लावलंय. आवाज खरा वाटतो, पण वाजवणं खोटं वाटतं. एकूण एक ठोका मी ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या आखीव रेषांवर, नेमका बसवलाय, तरी मित्र म्हणतात, मशीन वाजतंय. महागातलं सॉफ्टवेअर घेतलं तर फरक पडेल का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. तुमच्या हातात आहे त्याच किटमधून अजून खूप काही निघायचं आहे.

माझ्या पहिल्यावहिल्या प्रोग्रॅम केलेल्या गाण्याची गोष्ट सांगतो. ढोलकी वाजवायला एक वयस्कर मामा आले होते. हेडफोन लावून त्यांनी आधी नुसता ट्रॅक ऐकला. डोळे मिटून मांडीवर बोटं चालू होती. दुसऱ्या कडव्याआधी टॉमची, म्हणजे ड्रमसेटमधल्या ढोलांची, मोठी फिल (जागा भरणारी ठोक्यांची माळ) होती, तिथं त्यांची बोटं थांबली. मला म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग विचारलं, "दोन्ही हात टॉमवर असताना ती हाय-हॅट कोण वाजवतंय?"

मामा आयुष्यात कधी ड्रमसेटवर बसलेले नव्हते. पण वाजवणाऱ्याला हात किती, हे त्यांना कानानं मोजता येत होतं. मी हाय-हॅटचे, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या जोडझांजेचे, आठ ठोके एकदा लिहून सगळ्या गाण्यावर चिकटवले होते. फिल आली तरी हाय-हॅट चालूच, क्रॅश, म्हणजे मोठी झांज, पडला तरी चालूच. त्या दिवसापासून मी प्रत्येक ठोक्याला विचारतो, हा कुठल्या हाताचा? ड्रमरला दोन हात आणि दोन पाय. एका क्षणाला काठीचे दोनच ठोके पडू शकतात. तिसरा दिसला की तो काढायचा. तुमच्या गाण्यात आज एवढंच करा. मित्रांची निम्मी तक्रार मिटेल.

उरलेली निम्मी व्हेलॉसिटीची आहे. मिडीमध्ये, म्हणजे वाजवणं आकड्यांत लिहिण्याच्या पद्धतीत, प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो. माउसनं ठोके टाकले की सगळे एकाच आकड्याचे पडतात. किट बनवणाऱ्यांनी तोच स्नेअर (ड्रमसेटमधला खणखणीत आवाजाचा ड्रम) हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळ्या जोरानं वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. तुम्ही सगळं ११०वर ठेवलंत तर वाड्यातली एकच खोली उघडलीत, बाकीच्या कुलूपबंद. आणि हे काम फेडरनं, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणानं, होत नाही, कारण जोरात मारलेला स्नेअर नुसता मोठा नसतो, त्याचा आवाजच जास्त लख्ख असतो.

आता एक आवर्तन घेऊन बसू. साधा चारचा ठेका, हाय-हॅटचे आठ ठोके, एक आणि तीनवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), दोन आणि चारवर स्नेअर. हाय-हॅटला मी असे आकडे देतो : ९४, ६२, ८८, ५८, ९६, ६४, ८६, ७०. मोठा-लहान, मोठा-लहान अशी ही चाल मी ड्रमरच्या मनगटाकडे बघून घेतली. ठोक्यावर काठीचा जाड भाग हाय-हॅटच्या कडेवर पडतो आणि मधल्या ठोक्याला नुसतं टोक वरून टेकतं. शेवटचा ठोका ७० ठेवला, कारण पुढच्या समेकडे हात आपोआप उचलला जातो. स्नेअर दोनवर १०८, चारवर ११३. आणि मध्ये, ऐकू येईल न येईल असे २५-३० जोराचे एकदोन स्नेअर, ज्यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात. हे नुसते स्नेअर सोलो करून ऐकले तर निरर्थक वाटतात. गाण्यात लावा आणि मग म्यूट करून बघा, ठेका एकदम उघडाबोडका होतो.

वेळेचंही तसंच. रीपरमध्ये एका मात्रेचे ९६० भाग असतात. गाणं मिनिटाला ९६ मात्रांचं असेल तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, म्हणजे एक भाग साधारण पाऊण मिलिसेकंदाहूनही कमी. स्नेअर १२-१५ भाग मागं सरकवलात तर तो आठ-दहा मिलिसेकंद उशिरा पडतो. तेवढ्यानं गाणं सैल, आरामात बसल्यासारखं वाटतं. किक मात्र जागेवरून हलवू नका. कुणीतरी खांब धरून उभं राहायला हवं.

प्रोग्रॅममध्ये ठोके माणसानं वाजवल्यासारखे करणारं ह्युमनाइझचं बटण असतं. तुमच्या मनात ते येणारच, म्हणून सांगतो : माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. ते आकडे फाशासारखे टाकतं. माणसाच्या हाताचं वरखाली होणं कारणानं होतं : हात दमतो, क्रॅशकडे जाताना घाई होते, गाणारा श्वास घेतो तेव्हा वाजवणारा दबतो. त्या कारणांचा विचार करून वीस ठोके हातानं बदला, ते बटणानं बदललेल्या दोनशे ठोक्यांना भारी पडतील. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास काढणाऱ्या माणसाला एकसारखा ठोका म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. एक माग बिघडला की आवाजावरून ओळखणारा कान तुमच्याकडे आहे. तोच कान इथं लावा.

प्रश्न : काका, मी गडहिंग्लजला बारावीत आहे. एफएल स्टुडिओ हे गाणी करायचं सॉफ्टवेअर शिकतोय. त्यात जोडायच्या ड्रम प्लगइनच्या माहितीत लिहिलंय की किक 'सी १' या पट्टीवर आहे. मी सी १ दाबतो तर काहीच वाजत नाही. प्लगइन खराब आहे का?

उत्तर : प्लगइन धडधाकट आहे रे, आणि तुझंही चुकलेलं नाही. पट्टीला नावं देण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, एवढंच. मिडी प्रत्येक पट्टीला फक्त आकडा देतं, ० ते १२७. मधला 'सी' म्हणजे ६०. या ६०ला क्यूबेस हे सॉफ्टवेअर सी ३ म्हणतं, रीपर सी ४ म्हणतं आणि तुझं एफएल सी ५ म्हणतं. घर तेच, पाट्या तीन. किकचा आकडा ३६. क्यूबेसच्या हिशेबानं तो सी १ झाला, रीपरमध्ये सी २ आणि तुझ्याकडे सी ३. तू दोन सप्तकं वर जा, किक वाजेल.

त्यामुळे नावं सोडून आकडे पाठ कर. किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडी हाय-हॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१. १९९१ साली जनरल मिडी नावाचा करार झाला, त्यातलं हे वाटप आहे आणि बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर ते ओळखतात. काही किट हाय-हॅटच्या आठदहा तऱ्हा देतात आणि त्यांचं स्वतःचं वाटप वापरतात. मग दुसरीकडून आणलेली मिडी फाइल लावली की बंद हाय-हॅटच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. अशा वेळी किटच्या सेटिंगमध्ये 'मॅप' शोध आणि जनरल मिडी निवड. बारावीचं वर्ष आहे, पण रोज अर्धा तास याला दे. तुझ्या वयात लागलेला कान पुढं सुटत नाही.

प्रश्न : दादा, मी जयसिंगपूरचा, ऑर्केस्ट्राला ऑक्टोपॅड, म्हणजे काडीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो. रोलंडचा एसपीडी-२० आहे. लॅपटॉपला जोडून स्टीव्हन स्लेटचे फुकटातले ड्रम वाजवायचा प्रयत्न केला. काडी आधी पडते आणि आवाज मागनं येतो. ब्लूटूथ हेडफोन नवीनच घेतलाय, त्यामुळं ऐकण्याचा प्रश्न नसावा.

उत्तर : प्रश्न तिथंच आहे. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज उशिरा पोचतो. गाणं ऐकायला ते चालतं, वाजवायला अजिबात नाही. तारेचा हेडफोन लावा, अर्धं दुखणं जागेवर बरं होईल.

राहिलेला उशीर लॅपटॉपचा. विंडोजच्या नेहमीच्या आवाजाच्या ड्रायव्हरवर वाजवू नका. ऑडिओ इंटरफेस (माईक-हेडफोन लॅपटॉपला जोडायची पेटी) असेल तर त्याचा स्वतःचा एसिओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर निवडा. नसेल तर एसिओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकून बघा. मग बफर नावाचा आकडा शोधा; लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून पुढं सोडतो, ते तो सांगतो. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) १०२४ बफर म्हणजे २१ मिलिसेकंदांचा उशीर, १२८ बफर म्हणजे जेमतेम पावणेतीनचा. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे २१ मिलिसेकंद उशीर म्हणजे तुमचा स्पीकर सात मीटरवर ठेवून वाजवण्यासारखं. स्टेजवर तुम्ही हे सोसलेलं आहे, मॉनिटर लांब पडला की हात कसा अडखळतो ते तुम्हाला सांगायला नको. वाजवताना १२८ ठेवा. रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंगला बसलात की परत १०२४ करा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात तडतड येते.

एसपीडी-२०ला यूएसबी नाही, पाच पिनांचं गोल मिडी आउट आहे. त्यासाठी यूएसबी-मिडी केबल लागते. तिच्या दोन गोल टोकांवर इन-आउट लिहिलेलं असतं आणि त्यात कायम गोंधळ होतो. काही वाजलं नाही तर टोकं अदलाबदल करा, त्यानं काही जळत नाही. पॅडना ३६, ३८, ४२ असे वरचेच आकडे द्या.

तुमच्या पत्रानं मला मनापासून आनंद झाला, तो एवढ्यासाठी : इचलकरंजीच्या मित्राला जे माउसनं एकेक करून करावं लागतं, ते तुमच्या मनगटात आधीच आहे. तुमच्या काडीचा जोर पॅड आपोआप आकड्यात लिहितो. म्हणून वाजवून झाल्यावर ठोके ग्रिडवर ओढणारं क्वांटाइझचं बटण पूर्ण दाबू नका. पन्नास-साठ टक्के ठेवा. फार चुकलेला ठोका जागेकडे सरकतो आणि तुमची चाल शिल्लक राहते. शंभर टक्के केलंत तर वाजवलंत कशाला?

प्रश्न : पुण्यातला एक भाऊ मोठ्या ड्रम सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी देतो म्हणतोय. घ्यावी का? (वाचक, शाहूपुरी)

उत्तर : नको. त्यातून व्हायरस येतो, ऐन कामाच्या वेळी ते उघडत नाही, आणि ज्यांनी महिनोन् महिने स्टुडिओत बसून एकेक ठोका रेकॉर्ड केला, त्यांच्या पोटावर पाय येतो. आपण स्वतः गाणी करतो, आपल्याला हे समजायला हवं. एमटी पॉवर ड्रम किट फुकट आहे, उघडताना देणगीची विनंती येते, ती टाळून पुढं जाता येतं. स्टीव्हन स्लेटच्या ड्रमची फुकट आवृत्ती आहे. स्वतःचे आवाज टाकून वाजवायचे असतील तर 'सिताला' नावाचं सॉफ्टवेअर आहे. मॅक असेल तर त्यातल्या गॅरेजबँड सॉफ्टवेअरमध्ये ड्रमर आयताच मिळतो. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, मग घरगुती परवाना ६० डॉलरचा. सुपीरियर ड्रमर ३सारखं सॉफ्टवेअर २३० जीबीच्या वर जागा खातं. जुन्या लॅपटॉपवर ते नुसतं उघडेपर्यंत चहा होतो. त्याची गरज कधी पडते, ते पाचपन्नास गाणी झाल्यावर आपलं आपल्याला कळतं.

प्रश्न : कागलजवळच्या आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करायचं आहे. तरुण पोरांना खाली ड्रम हवेत. पण क्लिक, म्हणजे लय धरायची टकटक, लावला की बुवांचं गाणं अडतं. आमचं भजन सावकाश सुरू होतं आणि शेवटाला चढतं.

उत्तर : बुवांचं बरोबर आहे. चढणं हाच भजनाचा प्राण आहे. मिनिटाला ७८ मात्रांना उचललेलं भजन ११०ला पोचतं तेव्हा अंगावर काटा येतो, आणि क्लिक नेमका तोच काटा काढून घेतो. म्हणून उलट चाला. आधी क्लिकशिवाय बुवा, मृदंग आणि टाळ एकत्र रेकॉर्ड करा, नेहमी बसता तसे समोरासमोर बसून. मग प्रोग्रॅमला सांगायचं, की लय यांच्या मागून चाल.

क्यूबेसमध्ये यासाठी टेम्पो डिटेक्शन आहे, लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट टेम्पो आहे. टाळांच्या गजरात ही दोन्ही अधूनमधून चकतात, तेव्हा तपासत जा. मी रीपरमध्ये हातानंच करतो : प्रत्येक आवर्तनाच्या समेवर एक टेम्पो मार्कर, म्हणजे लय सांगणारी खूण. आठ मिनिटांच्या भजनाला तासभर जातो. पण त्याआधी एक काम विसरू नका. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम'वर ठेवा. तो 'बीट्स'वर राहिला तर टेम्पो बदलताच बुवांचा आवाज जागेवरून सरकायला लागतो. माझं एक सबंध अभंगाचं काम यात विस्कटलं होतं आणि सगळं पहिल्यापासून लावायला दोन रात्री गेल्या.

लयीचा हा नकाशा तयार झाला की खाली ड्रम घाला, ते आपोआप बुवांबरोबर चढतील. किती घालायचे? माझं मत विचाराल तर फक्त किक, तीही मऊ, आणि शेवटच्या चढात फ्लोअर टॉम. स्नेअर घालू नका, मृदंगाच्या शाईचे बोल त्याच्याखाली गाडले जातात. हाय-हॅट आणि क्रॅश तर नकोच. टाळ तीच जागा व्यापतात, आणि दहा टाळकऱ्यांपुढं सॉफ्टवेअरच्या झांजेनं तोंड उघडू नये. पोरं नाराज झाली तर त्यांना हेडफोनवर दोन्ही तऱ्हा ऐकवा आणि त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : हलगीचं चांगलं व्हर्च्युअल सॉफ्टवेअर कुठलं? कुस्तीवरच्या गाण्यासाठी हवं आहे. (वाचक, करवीर तालुका)

उत्तर : तुम्ही करवीरात राहता आणि हलगी सॉफ्टवेअरमध्ये शोधता, याचं मला खरंच वाईट वाटलं. रागावू नका. खासबागेत कुस्ती लागते तेव्हाची हलगी आठवा. पैलवान नुसते हात लावून उभे असतात तोवर ती दबून चालते. पट निघाला की तिला कळतं, आणि बघणाऱ्याला डाव दिसायच्या आत हलगी चढलेली असते. ती वाजवणाऱ्याची नजर आखाड्यावर असते. ही नजर रेकॉर्ड करून ठेवलेल्या कुठल्या सॅम्पलमध्ये भरणार?

तबल्याचंही मी हेच सांगतो. डग्ग्यावर मनगट घासून निघणारा घिस्सा हा एकच आवाज नसतो, सुरू झाल्यावर तो वाकत जातो. सुटे ठोके साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो वाकवणं अवघड जातं. ड्रमसेटचं काम मुळात सुट्या ठोक्यांचं आहे, म्हणून तिथं सॉफ्टवेअर इतकं साधतं. आपल्या चामड्याच्या वाद्यांना ते एका मर्यादेपर्यंतच पुरतं.

तेव्हा असं करा. किक आणि क्रॅश व्हर्च्युअल घ्या, त्यांच्यामुळं गाण्याला मोठेपणा येईल. त्यावर गावातल्या हलगीवाल्याला बोलवा, जमलं तर घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यंही. ठरवून, योग्य बिदागी देऊन बोलवा. एकच माईक, हलगीपासून अडीच-तीन फुटांवर, तोंडासमोर नेमका न धरता जरा तिरका. रेकॉर्डिंगचा आवाज खूप खाली ठेवा, कारण पहिल्याच ठोक्याला मीटर लाल होतो आणि फुटलेला आवाज पुन्हा जोडता येत नाही. सर्वात जोरातला ठोका उणे दहा डेसिबलच्या आसपास राहिला तर निर्धास्त. व्हर्च्युअल किकची जागा हलगीवरून ठरवा, हलगीला किकवर ओढू नका. दोन्हीत बारीक फट पडली तर किकच हलवायची.

आणि दिवस पावसाचे आहेत. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि हलगीचा आवाज टेकागणिक, म्हणजे दर वेळच्या रेकॉर्डिंगला, उतरत जातो. पहिला टेक आणि पाचवा टेक शेजारी लावले की जुळत नाहीत. म्हणून हलगी शेकायची सोय अंगणात आधीच करून ठेवा, दर दोन टेकनंतर वाजवणाऱ्याला शेकायला वेळ द्या, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक सुटा ठोका मारून घ्या. तो पहिल्या टेकच्या ठोक्याशी जुळला तरच पुढं वाजवा.